पोपटाला शरण गेलेला बोअर

मी एक म्हातारा राखाडी पोपट आहे. हिरवा नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मनात हिरवा रंगवून बसाल आणि शेवटी माझ्यावरच चिडाल. अंगावर राखाडी कोट आणि मागं लालभडक शेपूट. कोट पाहून घरच्यांनी माझं नाव ठेवलं दोमिनी, म्हणजे पाद्रीबुवा. गावातल्या खऱ्या दोमिनींच्या कानावर हे गेलं तेव्हा ते रुसले आणि आमच्याकडं कॉफीला यायचे बंद झाले. नंतर आले. आलेटाच्या हातची कॉफी दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या आख्ख्या फ्री स्टेटात दुसरीकडं कुठं मिळणार होती?

माझा जन्म दूर जंगलातला. मला पकडलं कुणी, जहाजावर चढवलं कुणी, ते आठवत नाही. आठवतो तो एक फेरीवाला. सुया, दोरे, चहाच्या किटल्या आणि मी, असं सगळं एकाच गाडीत घालून तो शेतोशेत हिंडायचा. स्टॉफेल राउटेनबाख नावाच्या तरण्या शेतकऱ्यानं मला घेतलं, नव्या नवरीला भेट म्हणून. तो बोअर होता. हसू नका मित्रांनो, बोअर म्हणजे कंटाळवाणा नव्हे. बोअर म्हणजे नुसता शेतकरी. त्या लोकांनी शेतकरी हेच आपल्या जातीचं नाव करून टाकलं आणि छाती काढून मिरवलं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मला कळतं सगळं, पण बोलता येतं ते फक्त ऐकलेलं. स्वतःचं असं एक वाक्यसुद्धा मला तोंडानं जुळवता येत नाही; हे तुम्हाला सांगतोय तेही मनातल्या मनात. पुढचं सगळं रामायण त्यामुळंच झालं.

सुरुवातीची वर्षं मात्र काय मजेची होती! माझा पिंजरा मागच्या अंगणात, पीचच्या झाडाखाली. स्टॉफेल नांगराला बैल जुंपतोय न जुंपतोय तोच मी आलेटाच्या आवाजात हाक मारायचो, "स्टॉफेल, कॉफी!" तो बिचारा बैल सोडून पळत यायचा.

"कुठाय कॉफी?"

"कसली कॉफी? आत्ताच तर प्यालास!"

"तू हाक मारलीस ना?"

"मी? माझे हात पिठात आहेत!"

मग दोघं माझ्याकडं बघायचे आणि मी डोळे मिटून पाद्रीबुवासारखा ध्यानस्थ बसायचो. स्वयंपाकघरात काम करणारी मालेराटो एप्रनआड हसायची. कुत्र्याला मालकाच्या आवाजात शीळ घालायची, कोंबड्यांना दाणे टाकायच्या वेळेची हाक अवेळी द्यायची, असले माझे धंदे. सगळे म्हणायचे, काय हुशार पक्षी आहे! कौतुकानं मी फुगून गेलो. मला वाटायचं, लोक हसले म्हणजे आपण चांगलं काम केलं.

मग लढाई आली. इंग्रज आले. स्टॉफेल बंदूक घेऊन घोड्यावर बसून गेला, तेव्हा आलेटाला दिवस गेले होते. काही दिवसांनी इंग्रजांची एक तुकडी आमच्याच शेतावर मुक्कामाला उतरली. त्यांचा सार्जंट लाल मिशांचा, आवाज असा की खिडकीच्या काचा थरथराव्यात. कोठारात कोण लपलंय, गोठ्यात कोण लपलंय, तो दारात उभा राहून ओरडायचा, "हँड्स अप!" आणि आतून आमच्या ओळखीचा कुणीतरी माणूस हात वर करून बाहेर यायचा. कधी म्हातारा, कधी पोरसवदा.

मला तो शब्द फार आवडला, मित्रांनो. लाज वाटते आता, पण आवडला. एकच हाक, आणि एवढा मोठा माणूस दोन्ही हात आभाळाकडं करून येतो! माझ्या कॉफीच्या हाकेला स्टॉफेल नुसता पळत यायचा. या हाकेत जादूच होती. मी मनातल्या मनात ती घोटली. मिशीतून वारा फुटतो त्यासकट घोटली.

तुकडी निघून गेली आणि आलेटाला मुलगी झाली, त्राइदा. ही बातमी स्टॉफेलपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण एके सकाळी तो आलाच. अंगाला घोड्याचा वास, दाढी रानासारखी. पाळण्याशी वाकला तोच आलेटा म्हणाली, "अरे थांब! पोरीच्या गालाला कुसळं टोचतील. आधी ते तोंड साफ कर."

तो हसत हसत गाडीखान्याच्या मागं गेला. बंदूक भिंतीला टेकवली, भांड्यात साबण घोळवला आणि ब्रश काठावर आपटला. टक, टक. अर्धं तोंड झालं होतं. अर्ध्यावर फेस होता.

आणि मला मस्ती आली.

"हँड्स अप!"

सार्जंटचा आवाज. जसाच्या तसा.

मला वाटलं होतं, तो दचकेल, मग मला बघेल, मग आम्ही सगळे हसू. पण तो गाडीखान्याच्या कोपऱ्यावरून दोन्ही हात वर करून बाहेर आला. वस्तरा खाली पडलेला. अर्धं तोंड पांढरं, अर्धं त्याहून पांढरं. "गोळी घालू नका!" तो ओरडला. "आलो, आलो बाहेर! गोळी घालू नका!"

अंगणात होतं कोण? तीन कोंबड्या, धुण्याची दोरी आणि मी.

आलेटा दारात आली. तिनं त्याला बघितलं, मला बघितलं आणि ती खोऽऽ खोऽऽ हसत सुटली. स्टॉफेलही हसला. पण उशिरा हसला. हात खाली आणायला त्याला वेळ लागला. त्यानं अर्धी दाढी तशीच ठेवून पोरीचा पापा घेतला आणि त्याच दिवशी परत लढाईवर गेला.

पुढं घर जाळायचा हुकूम आला. आलेटाला आणि तान्ह्या पोरीला गाडीत घालून तारेच्या कुंपणातल्या छावणीत नेलं. मला विसरले सगळे. मालेराटोनं पिंजरा डोक्यावर घेतला आणि नदी ओलांडून ती आपल्या आफ्रिकन जमातीच्या माणसांत गेली. लढाई संपेपर्यंत तिच्या झोपडीत मी मक्याचे दाणे खाल्ले. लढाईनंतर कोण शूर आणि कोण भित्रा, याच्यावर लोकांनी किती तोंडं वाजवली! मालेराटोला मात्र कुणी बरं नाव दिलं नाही की वाईट नाव दिलं नाही. ती कुठं होती हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

आता त्या शब्दाबद्दल सांगतो. लढाई संपली तेव्हा त्या मुलखात माणसांच्या दोन राशी पडल्या होत्या. जे अगदी शेवटपर्यंत लढले ते बिटरआइंडर, म्हणजे शेवट कडू असला तरी तो चाखून आलेले. आणि जे मध्येच शरण गेले ते हेन्सॉपर. इंग्रज ओरडायचा 'हँड्स अप', बोअरांच्या कानाला लागायचं 'हेन्सप', आणि हात वर करणारा तो हेन्सॉपर. गंमत बघा, आपल्या भाषेसाठी जीव टाकणारी ही माणसं, पण सगळ्यात जिव्हारी लागणारी शिवी त्यांनी शत्रूच्या तोंडातून उसनी घेतली. शब्द मी जन्माला घातला नाही, तो आधीच सगळ्या मुलखात फिरत होता. मी फक्त तो एका घरात आणून सोडला.

स्टॉफेल शेवटपर्यंत लढला होता. मांडीत गोळी घेऊन परत आला होता. आलेटा आणि पोर छावणीतून जिवंत परतल्या, जळक्या भिंतींवर नवं छप्पर घातलं, मालेराटो मला परत घेऊन आली, आणि एका रविवारी प्रार्थनेनंतर शेजारीपाजारी कॉफीला जमले. त्यात तांत बार्ता होती. आमच्याकडं प्रत्येक वडीलधारा बाप्या ओम आणि प्रत्येक वडीलधारी बाई तांत, काका-मावशीच म्हणा ना. बार्ताचं वय तेव्हा फार नव्हतं, पण नवरा लढाईत गेलेला, दोन मुलं छावणीत आजारानं गेलेली, उरलेला एक फ्लोरिस मांडीवर. तिला तांत म्हणायला म्हातारेसुद्धा लाजत नव्हते.

कुणीतरी तंबाखूचा पाइप झाडायला खुर्चीच्या काठावर आपटला. टक, टक.

मित्रांनो, किती दिवसांत मला असे प्रेक्षक मिळाले नव्हते. मी सगळं नाटक सादर केलं. ब्रशची टकटक, सार्जंटची हाक, मग स्टॉफेलच्या आवाजात "गोळी घालू नका! आलो, आलो बाहेर!" आणि शेवटी आलेटाचं हसू. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

बार्तानं कप खाली ठेवला. "हा तुझा आवाज ना रे, स्टॉफेल?"

स्टॉफेलच्या मानेपर्यंत लाली चढली. "अहो तांत, ते... पोपटानं फसवलं मला. पोपट होता समोर."

"म्हणजे तू पोपटाला शरण गेलास?"

जो हशा पिकला! सगळ्यात मोठ्यानं कोण हसले माहीत आहे? जे खरोखर शरण गेले होते ते. त्यांना आता बोट दाखवायला दुसरा माणूस मिळाला होता. बार्ता हसली नाही. ती उठली, पोराला काखेत मारलं आणि म्हणाली, "माझी दोन मातीत गेली. मी हेन्सॉपरच्या घरची कॉफी पीत नाही."

त्या दिवसापासून हेन्सॉपर स्टॉफेल. बाजारात त्याची गाडी आली की पोरं हात वर करून रांगेत उभी राहायची. चर्चच्या बाकावर त्याला कुणी मनाई केली नाही, फक्त त्याच्या शेजारची जागा रुंद होत गेली. आलेटा सुरी घेऊन माझ्यापाशी आली. "आज याचं सूप करते!"

"राहू दे ग," स्टॉफेल म्हणाला. "त्यानं जे ऐकलं ते सांगितलं. त्याचा काय दोष?"

सूप केलं असतं तर बरं झालं असतं. त्या वाक्याचं मी काय करू? माफी मागावी म्हणून मी कितीदा चोच उघडली असेल. पण माझ्याकडं शब्द कुठले? "कॉफी!" निघायचं. कुत्र्याची शीळ निघायची. आणि एकदा, खरं सांगतो, मनापासून माफी मागायला गेलो आणि तोंडातून निघालं "हँड्स अप!" स्टॉफेल दाणे टाकत होता. त्याचा हात थांबला. मग त्यानं राहिलेले दाणे टाकले.

त्यानं दाढी करायची सोडून दिली. ब्रश वाजला की मी ओरडणार, मी ओरडलो की घर गप्प होणार, त्यापेक्षा दाढीच नको. दाढी छातीपर्यंत आली. लोक म्हणाले, तोंड लपवतोय.

एकदा पिंजरा साफ करताना तो माझ्याशी बोलला. आजूबाजूला कुणी नव्हतं. "दोमिनी, तुला म्हणून सांगतो. बंदूक हाताशी होती रे. मी ती उचलली नाही. घरात पोर होती, गोळीबार झाला असता तर कुठली भिंत फुटली असती, काय सांगावं? मी खरोखर शरण गेलो होतो. समोर पोपट निघाला, हे माझं नशीब." त्यानं पाण्याची वाटी भरली. "तेव्हा लोक म्हणतात त्यात खोटं काय आहे?"

म्हणून तो कधी भांडला नाही. म्हणून मांडीतली गोळी कुणाला दाखवली नाही. आणि मी, ज्याला आख्खं जग वाचाळ म्हणतं, त्याला एवढं एक वाक्य कुणाला सांगता आलं नाही; ओरडलेलं माझ्या जिभेवर चटकन बसतं, पुटपुटलेलं बसत नाही.

वर्षं गेली. त्राइदा मोठी झाली, आणि तिला आवडावा कोण, तर फ्लोरिस. बार्ताचा फ्लोरिस! तो लपूनछपून नाही यायचा, उघड यायचा, माझ्यासाठी पीचच्या बिया फोडून आणायचा. "आईला मी सांगतो," म्हणायचा. सांगितलं असावं, कारण एका शनिवारी दुपारी बार्ताची घोडागाडी आमच्या फाटकात थांबली. त्या रविवारच्या कॉफीनंतर ती पहिल्यांदाच आली होती.

आलेटाची धावपळ उडाली. "त्राइदा, माझा काळा एप्रन आण! पिंजऱ्यावर टाक! आज या मेल्याचा आवाज नको!"

"टाकू नका," स्टॉफेल म्हणाला. "त्यानं काही चोरलंय का?"

अंगणात, माझ्यासमोरच खुर्च्या मांडल्या. बार्ता बसली. कॉफी हातात घेतली, पण ओठाला लावली नाही.

"मी सरळ बोलते, स्टॉफेल. पोर चांगली आहे. पण माझ्या नातवंडांना हेन्सॉपरची नातवंडं म्हणतील, ते मला चालणार नाही."

"आई!" फ्लोरिस म्हणाला.

"तू गप. दाढी कशाला वाढवली रे एवढी, स्टॉफेल? चिमण्यांना घरटं पाहिजे म्हणून?"

"ब्रश वाजला की हा ओरडतो, तांत."

"अस्सं!" बार्तानं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या तोंडावर हसू आलं, थंड हसू. "मग होऊन जाऊ दे. इथं, माझ्यासमोर, त्या पक्ष्यासमोर दाढी कर. त्याला ओरडू दे. तुझे हात जागचे हलले नाहीत, तर पोर माझी सून. हलले, तर फ्लोरिस या फाटकातून पुन्हा आत येणार नाही."

"बाबा, नको," त्राइदा म्हणाली. "तमाशा करायला नाही बसलो आपण."

"असू दे, पोरी," स्टॉफेल म्हणाला. "माझा तमाशा सगळ्यांनी बघितलाय. आज तांतनंही बघावा."

कात्रीनं दाढी उतरवली. खाली पांढऱ्या केसांचा ढीग पडला. त्यानं साबण घोळवला, गालाला फासला. एक बाजू झाली. मग ब्रश काठावर आपटला.

टक, टक.

माझ्या घशात तो शब्द येऊन बसला, मित्रांनो. पण मी ठरवलं होतं. जन्मभर नको तेव्हा बोललो, आज नाही बोलणार. मी दांडीला चोचीनं घट्ट धरलं. एवढं घट्ट की लाकडाची साल निघाली.

टक, टक.

बार्ता कप हातात घेऊन वाट बघत होती. "काय रे, पढवून ठेवलंयस का त्याला? असलं चालायचं नाही. न बोलणाऱ्या पोपटासमोर मीपण शूर आहे!"

स्टॉफेल माझ्याकडं वळला. अर्धं तोंड पांढरं. वस्तरा गळ्यापाशी. पुन्हा तेच तोंड, फक्त म्हातारं.

"बोल, दोमिनी," तो हळू म्हणाला. "तू गप्प बसून माझं काही धुतलं जाणार नाही. बोल बाबा."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला तो शब्द मागितला होता. मी दांडी सोडली.

"हँड्स अप!"

सार्जंटचा आवाज. काच थरथरवणारा. मिशीतल्या वाऱ्यासकट.

स्टॉफेलनं वस्तरा होता तिथंच दाबून धरला. गळ्यावर रक्ताचा एक बारीक थेंब आला. पण हात हलला नाही.

फुटल्याचा आवाज झाला. सगळे वळले. बार्ताचा कप दगडावर पडून तुकडे झाले होते. कॉफी तिच्या घागऱ्यावरून ओघळत होती. आणि तिचे दोन्ही हात वर होते. ताठ. बोटं पसरलेली. डोळे फाटकाकडं, जिथं कुणीही नव्हतं.

"आई?" फ्लोरिस म्हणाला.

तिनं वर बघितलं. आपलेच हात असे बघितले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. पण खाली आणेना.

"पोरं आत झोपली होती," ती म्हणाली. आवाज एवढासा. "तिघंही. तो दारात ओरडला. माझ्या हातात कुऱ्हाड होती, सरपणाची. मी टाकून दिली. मला वाटलं, हात वर केले तर पोरांना काही करणार नाहीत." तिनं फ्लोरिसकडं बघितलं. "गाडीत घालून नेलं तरी. दोघं परत आलीच नाहीत."

स्टॉफेलनं वस्तरा गळ्यावरून खाली घेतला. मग स्टॉफेल म्हणाला, "माझीपण आत होती, तांत."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. अर्धं फेसाळ तोंड आणि दोन वर गेलेले हात. हसावं असं दृश्य होतं. हसलं कुणीच नाही.

बार्तानं हात खाली आणले, घागऱ्याला पुसले, उठली आणि त्याच्या हातातून वस्तरा घेतला. "दे इकडं. असा अर्धवट तोंडानं पोरीच्या लग्नाला उभा राहणार आहेस का?" तिनं त्याची हनुवटी धरली. वस्तरा जवळ येताच तो जरा मागं सरला आणि त्याचा हात वर आला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "हात खाली ठेव."

लग्न झालं. छान झालं. बार्ता त्या शब्दाचं नावही पुन्हा कधी काढेना. पण मित्रांनो, तिनं टाकला म्हणून गावानं टाकला नाही. वीस वर्षं लोकांच्या तोंडात मुरलेला शब्द असा एका दुपारी निघत नाही. स्टॉफेल गेला तेव्हा शवपेटीमागून चालणाऱ्या एकानं दुसऱ्याला विचारलं, "कोण गेलं रे?" आणि दुसरा म्हणाला, "हेन्सॉपर स्टॉफेल." काही वाईट मनात न आणता म्हणाला. ओळख पटावी म्हणून. ते मी खिडकीतून ऐकलं. आणि ऐकलेलं मी विसरत नाही, हेच तर माझं दुखणं.

आता मी त्राइदाच्या घरी असतो. शेपटीची लाली उतरलीये, एका डोळ्यानं धूसर दिसतं. पिंजऱ्याचं दार उघडंच असतं, पण जाणार कुठं? बार्ताचे ते शब्द, "हात खाली ठेव", शिकायचा मी खूप प्रयत्न केला. मला तेवढेच शब्द जन्मात स्वतःहून शिकावेसे वाटले. पण म्हाताऱ्या जिभेला नवं वळण बसत नाही. नुसती खरखर होते. त्राइदाच्या पोरांना वाटतं मला सर्दी झालीये.

मित्रांनो, तुमच्यात एखादा माझ्यासारखा असेलच. नकला करणारा, नावं ठेवणारा, वर्गाला हसवणारा. असू दे. हसवणं वाईट नाही. फक्त एखाद्याला नाव चिकटवायच्या आधी, तो हात वर करून उभा होता तेव्हा त्याच्या पाठीमागं घरात कोण झोपलं होतं, एवढं विचारून घ्या. मी विचारलं नाही.

फ्लोरिस रोज सकाळी खिडकीपाशी दाढी करतो. ब्रश काठावर आपटतो. टक, टक. शब्द अजून घशाशी येतो. मी चोच मिटून घेतो आणि दोन्ही पंख वर करतो, अगदी वर, दुखतात तरी. पोरं टाळ्या वाजवतात. म्हणतात, बघा, दोमिनी हेन्सॉपर झाला!

म्हणू देत. ते नाव मला शोभतं. एवढंच सांगणं आहे की ते आता माझ्याजवळच राहू द्या, पुढं कुणाला देऊ नका.